पंचाहत्तरीपुढच्यांना सूट

जिन्याखालच्या फलकावर कागद लागला होता : 'शनिवारी दुग्नाद. पंचाहत्तरीपुढच्यांना सूट.' गुनवोर स्क्येलब्रेइदनं तो दोनदा वाचला. अख्ख्या इमारतीत पंचाहत्तरी ओलांडलेलं माणूस एकच होतं.

ओद्दा गावच्या भट्टी कारखान्यातल्या खानावळीत तिची अडतीस वर्षं गेली. पण इमारतीचा वसंतातला दुग्नाद, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची साफसफाई, तिनं एकदाही चुकवला नव्हता. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा नाही. तिच्या लहानपणी गोठा जळाला, तेव्हा इर्जिकीला यावं तसं सगळं खोरं आलं आणि नऊ दिवसांत नवा गोठा उभा करून गेलं. बापानं तेव्हा शब्द सोलून सांगितला होता : "दुग्नाद निघाला जुन्या 'दुगा'तून. दुगा म्हणजे कामाला येणं, पुरं पडणं. निकाम्या माणसाला आपण 'उदुगेली' म्हणतो ना, तेही त्याच मुळातलं."

सूट म्हणे! हा तर निकामी झाल्याचा छापील दाखला.

शुक्रवारी दुपारीच तिनं बादली काढली आणि चार मजल्यांचा जिना एकटीनं घासला. शेवटच्या पायरीवर कंबर धरली.

सकाळी इमारतीच्या समितीचा तरुण अध्यक्ष सिंद्रे तिच्या उघड्या दारात उभा. "मावशी, काय केलंत हे? खाली लोक ब्रश घेऊन उभे आहेत. आता काय जिना चाटायचा त्यांनी?"

"मला वगळलंस ना? मग मी माझा घासला," ती खुर्चीतूनच म्हणाली.

"एकटीनं केलं ते घरकाम. त्याला दुग्नाद नाही म्हणत."

पोरगं खरं बोलत होतं, याचाच तिला जास्त संताप आला. बापाला एकट्यानं गोठ्याचा एक वासा तरी चढवता आला असता का?

"वगळलंस कशाला पण?"

"कमरेसाठी तुमच्या. उठून दाखवा बघू."

तिला उठता आलं नाही. सिंद्रेनं कपाळावर हात मारला. "बसून काय जमेल?"

"पितळ," ती गुरगुरली.

अर्ध्या तासानं त्यानं साऱ्या दारांवरच्या नावांच्या पितळी पाट्या तिच्या मांडीवर ओतल्या.

"स्क्रू?"

"आहेत की, या डब्यात."

"सगळे एकत्र? अरे गाढवा, प्रत्येक दाराचे वेगळे असतात! बस इथं. लाव जुळवून."

"मला खाली शंभर कामं—"

"बस म्हटलं ना!"

तो बसला. ती पाट्या घासत राहिली. दुपारी खालून दुग्नादच्या जेवणातली सॉसेजची ताटली आली. काम न करता ती कधी जेवली नव्हती. तिनं आधी आपले हात पाहिले. कोपरापर्यंत काळे. मग तिनं ताटली ओढून घेतली.