गार खोली

क्रांती चौकात एखाद्या दुकानाचं काचेचं दार उघडून गार हवा पायांवर आली, की मला तो उन्हाळा आठवतो. आमच्या गल्लीच्या डीपीला संध्याकाळचा विजेचा भार सोसत नव्हता, म्हणून दिवेलागणीपासून जेवणं होईपर्यंत कुणी एसी लावायचा नाही असं ठरलं. घरोघर ते सांगत फिरलो मीच, आणि पडदे ओढून एसी लावायचोही मीच. एके संध्याकाळी धडाड्कन डीपी उडाली, अंधार झाला आणि दार वाजलं. दम लागलेल्या सासऱ्यांना धरून शेजारची सून उभी होती. "दादा, पंखा बंद पडला. रिक्षा येईस्तोवर मामांना तुमच्या गॅलरीत बसू द्या." दार पुरतं उघडताच आतला गारवा त्या दोघांच्या अंगावर गेला आणि ती मामांना घेऊन आतच टेकली. अंधारात म्हातारा हळूच म्हणाला, "एवढं गार कसं गं? मी मेलो का?" "नाय मामा," ती म्हणाली, "दादांचं घर हाय." खोली तापत गेली तसा त्यांचा श्वास चढत गेला, आणि रिक्षा यायच्या आधीच थांबला. पुढं डीपी कुणामुळं उडाली याची गल्लीत लई चर्चा झाली. शेजारची सून नुसती माझ्याकडं बघायची. आणखीही कुणी एसी लावला असेल, पण गारवा तिला माझ्या दारात लागला होता. तिनं आजवर कुणाला सांगितलं नाही, म्हणून मीच सांगतोय.