चिखल वाळताना

लांबट खोली, पत्र्याच्या खुर्च्या आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचा मोठा चौकोन. चौकोनात सहा शेतांच्या सहा रेषा. आणि अगदी मागे, दाराशी, एक पाय सतत हलवत बसलेला हा आपला पाटकरी! कुणाच्या शेतात पाणी कधी सोडायचं, कधी तोडायचं, हे ठरवण्यात त्याचा जन्म गेला. निवृत्त झाला तरी झोपेत कालव्याचं दार फिरवायचा. बायको ओरडायची, "अहो, पांघरूण सोडा, गारठले मी!"

यंदा सुनेने शेजाऱ्यांना एकत्र आणलं होतं. भाताच्या शेतात सतत पाणी तुंबलं की चिखलातून मिथेन वायू सुटतो आणि हवा तापवतो. म्हणून मधूनमधून चिखल वाळू द्यायचा आणि सगळ्यांनी आपली मापं एकाच ठिकाणी मांडायची. रोज सकाळी ती शेतात पुरलेल्या नळीत पाणी किती उतरलं ते पाही. वायू पेटीत धरून तपासणीला पाठवी.

पण चिखलाला भेगा दिसल्या की पाटकरी घर ते बांध येरझाऱ्या घाली. घरात बसवेना, बांधावर राहवेना. सून घरी परतली की हा हळूच जाऊन बोटभर पाणी सोडी. सकाळपर्यंत ते जिरलेलं असे.

तपासनीस बाईंनी सहाव्या, सुनेच्या शेताच्या रेषेवर काठी ठेवली. "सहांपैकी खोलगट भागातलं हे एकच शेत. नळीत पाणी उतरलेलं दिसतं, वायू मात्र कमी नाही. म्हणजे तिथे हा उपाय चालत नाही. खालच्या बाकी शेतकऱ्यांना यात घ्यायला नको."

"बघा वहिनी," खालच्या अंगाचा शेजारी सुनेला म्हणाला, "उगाच आम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंत."

सून मान खाली घालून बसली. पाटकरी उठला, बसला, पुन्हा उठला.

"बाई, ती रेषा पुसा. रोज चोरून पाणी सोडत होतो मी."

"बाबा!" सून खुर्चीतून मागे वळली.

"जन्मभर आमच्या चोऱ्या पकडल्यात," शेजारी म्हणाला, "आणि स्वतःच्याच शेतात पाणी चोरलंत?"

खोली हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ती रेषा काढून टाकली. खालच्या शेतांचा निर्णय पुन्हा मोजल्यावर घेऊ, म्हणाल्या.

"आणि पुन्हा मोजताना तुम्ही काय करणार, बाबा?" सुनेने विचारलं.

पाटकऱ्याची नजर एव्हाना खिडकीतून बांधाकडे धावली होती. ती त्याने ओढून आत आणली.

"शेताच्या पाण्याच्या दाराला कुलूप घाल. किल्ली तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस. आणि मी मागणार, सूनबाई. आत्ताच सांगून ठेवतो."