मशीनवर नारळाचं पाणी

आमची ही गेली त्याला आता दुसरा दसरा येतोय. लोक भेटले की म्हणतात, "वहिनी फार शांत होत्या." शांत कसली? घरात चांगली तोंड सोडून बोलायची. ऑफिसात कोणी विचारलंच नाही, म्हणून तिथे शांत.

ती कल्याणच्या एका पतपेढीत टायपिस्ट होती. मी कळव्याकडच्या कारखान्यात फिटर, शिक्षण सातवी, तेही मास्तरांच्या दयेने. राहायचो डोंबिवलीत. पतपेढीत कॉम्प्युटर आणायचं ठरलं तेव्हा जुन्या कारकुनांनी हात वर केले. हे मशीन आपल्या नोकऱ्या खाणार, ते आपणच कशाला शिकायचं? मग साहेब म्हणाले, "बाईंना पाठवा, त्यांना टायपिंग येतंच." वाघाच्या पिंजऱ्यात आधी कुणाला ढकलायचं, तर बाईला. ती ठाण्याला जाऊन शिकून आली आणि त्या मशीनची कायमची राखणदार झाली. हुद्दा मात्र टायपिस्टचाच राहिला.

मशीनसाठी काचेची खोली बांधली, खोलीला एसी लावला. एसी मशीनला हं, बाईला नाही. बाहेर घामाने निथळणारे कारकून म्हणायचे, "बाईंची मजा आहे." बाई आत कुडकुडत. ऐन मे महिन्यात ही पिशवीत स्वेटर घालून निघायची आणि शेजारीण जिन्यात गाठून विचारायची, "काय हो, महाबळेश्वरला निघालात?"

रोज सुटायच्या आधी ती सगळ्या खात्यांची नक्कल फ्लॉप्यांवर उतरवायची आणि घरी आणायची. फ्लॉपी म्हणजे काळी, चौकोनी, पापडासारखी पातळ वस्तू. ऑफिसला आग लागली, मशीन मेलं, तर एक नक्कल दुसऱ्या जागी हवी, असं तिला शिकवणाऱ्याने सांगितलेलं. आमच्या घरात दुसरी जागा म्हणजे चिवड्याचा स्टीलचा डबा. अख्खी पतपेढी आमच्या फळीवर, बेसनाच्या शेजारी. मी एकदा कारखान्यातून आणलेलं लोहचुंबक त्या डब्यावर ठेवलं, तर ती पोळी तव्यावर टाकून धावत आली.

"उचला ते आधी. चुंबकाने आतलं सगळं पुसतं. निम्मं कल्याण कंगाल कराल."

मी विचारलं, "तू एवढं करतेस, त्याबद्दल तुला कोणी काही बोलतं का?"

"बोलतात की. बंद पडलं की बोलतात."

खंडेनवमीला पतपेढीत मशीनची पूजा व्हायची. त्यात वावगं काही नाही, आम्हीही कारखान्यात पाने-हातोड्या पूजायचो. पण पान्यावर पाणी पडलं तर फडक्याने पुसता येतं. ही दरवर्षी सांगायची, "हार घाला, कुंकू टेबलाला लावा, मशीनवर पाणी नको." लोक मान डोलवायचे आणि कुंकू मशीनलाच लावायचे. मग काडीला कापूस गुंडाळून बटणांच्या फटीतलं कुंकू ती बरेच दिवस काढत बसायची. मशीनला झेंडूचा हार, हिला चहा. तोही बहुतेक गार झालेला.

एका वर्षी नवे अध्यक्ष आले. माणूस भाविक. त्यांनी नारळ फोडला, पाणी वाटीत धरलं आणि झेंडूच्या फुलाने चालू मशीनवर शिंपडलं. नेमकं मागच्या जाळीवर. फट् झालं, जळका वास आला, पडदा काळा. अध्यक्षांनी हात जोडले, "बघा, देवाने स्वीकारलं," आणि पेढे वाटायला बाहेर गेले.

सुट्टी संपून पतपेढी उघडली की दिवाळीसाठी पैसे काढायला रांग लागणार होती. हिने त्या दसऱ्याला घरात सोनंही वाटलं नाही. ठाण्याहून मेकॅनिक आणला. त्याने आतला भाग बदलला आणि म्हणाला, "बाई, मशीन चालेल, पण आतली सगळी खाती पुसली गेली." ही घरी आली, फळीवरचा डबा उचलला, परत कल्याणला. मी सोबत गेलेलो, डबा सांभाळायला. काचेच्या खोलीत ती एकेक फ्लॉपी घालत बसली आणि माझे दात वाजायला लागले.

"बाहेर जाऊन चहा प्या," ती म्हणाली. "तुमची थडथड ऐकून माझं चुकेल."

पतपेढी वेळेवर उघडली. रांगेतल्या कुणाला पत्ता लागला नाही. या कामाची हीच गोम. बिघडलं असतं तर सगळ्या कल्याणला हिचं नाव पाठ झालं असतं.

पुढे पतपेढीचा वर्धापनदिन आला. मला वाटलं, यंदा तरी. तीही ठेवणीतली साडी नेसली, ते मी पाहिलं. सभासद म्हणून मीही गेलो. सत्कार सुरू झाले. पूजा सांगणारे गुरुजी झाले, मशीन विकणारा झाला, एसी दुरुस्त करणारा झाला, मंडपवालासुद्धा झाला. मग अध्यक्ष म्हणाले, "आपल्या कॉम्प्युटरने ऐन दिवाळीत दगा दिला नाही, ही खंडेनवमीच्या पूजेची पुण्याई." टाळ्या पडल्या. हिनेही वाजवल्या.

मी उभा राहिलो. ही सदरा ओढत होती, "अहो, बसा."

मी म्हटलं, "साहेब, मशीन तुमच्या नारळाने बंद पडलेलं. ज्या बाईने ते उभं केलं ती ही इथे बसलीय. शाल राहू द्या, तिला नुसतं 'बरं केलंत' म्हणा."

अध्यक्ष मुरलेले. हसत म्हणाले, "वा. असे यजमान पाठीशी आहेत म्हणून आपल्या बाई नोकरी करू शकतात. या, पुढे या." दोघांनी मला दंडाला धरून स्टेजवर नेलं. खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. खाली बघतो तर ही तोंडाला पदर लावून हसतेय.

घरी येताना माझं डोकं तापलेलं. ती म्हणाली, "द्या तो नारळ. चटणी तरी होईल." दुसऱ्या दिवसापासून एसीत ती माझ्या सत्काराची शाल गुंडाळून बसायला लागली. नोकरी संपेपर्यंत तीच शाल. पण सत्काराच्या त्या रात्री साडीची घडी घालताना ती एकदा बोललेली, "बाई, बाई काय. नाव तरी घ्यायचं." पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

ती गेली तेव्हा सवाष्ण गेली म्हणून बायकांनी हळदकुंकू लावलं, हार घातला, पाया पडल्या. मशीनला हे दरसाल मिळायचं, चालू असताना.

डबा अजून फळीवर आहे. त्या फ्लॉप्या आता कुठल्या मशीनला वाचता येत नाहीत म्हणे. गेल्या खंडेनवमीला मी माझे जुने पाने पाटावर मांडले, शेजारी तो डबा ठेवला. झेंडूचं फूल वाहिलं आणि तिचं नाव घेतलं. मोठ्याने घेतलं, जिन्यापर्यंत जाईल असं. यंदाही घेणार. पाणी तेवढं शिंपडत नाही. तिला चालायचं नाही.