दहा मिनिटं एसी बंद

इथे आखातात, मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगमधली शेजारची मुलगी लिफ्टमध्येसुद्धा पायाने ताल धरायची. अमेरिकेतल्या तीन कॉलेजांनी तिला म्युझिकल थिएटरसाठी नाकारलं होतं. इथे कॉमर्स शिकता शिकता ती तिकडे ट्रान्सफर मिळावी म्हणून पुन्हा गाण्यांच्या कॅसेट पाठवत होती. आमच्या एसीची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणून ऐन उन्हाळ्यात बेल वाजवायची. "आंटी, जस्ट टेन मिनिट्स, प्लीज!"

मी कुरकुरत एसी बंद करायचे आणि घाम पुसत भिंतीला कान लावायचे. वरच्या सुरावर ती अडखळायची, की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

परवा बेल वाजली. मी आधी एसी बंद केला, मग दार उघडलं.

"नो नीड, आंटी. आय गॉट इन!"

ती उड्या मारत गेली. एसी पुन्हा लावायला माझा हात पुढे होईना.