मी कमी लावलेली दोन वर्षं

पासपोर्ट आला तेव्हा आमच्या घरात भाकरी कडक होत होत्या. आमचा धंदाच तो. ज्वारीच्या पातळ भाकरी थापायच्या, भाजायच्या, मग मंद आचेवर फडक्यानं दाबून दाबून पापडासारख्या कडक करायच्या. सोलापूरची माणसं परगावी, परदेशी जाताना पिशव्या भरून नेतात. मी, माझी भाची आणि शेजारची अक्का, अशा तिघी मिळून करतो. अक्काच्या घरात तेलुगू बोलतात, नवरा टॉवेलच्या मागावर कामाला. पण मराठीत टोमणा मारायला ती कुणाला हार जात नाही.

भाचीनं पिठाचे हात धुतले, दोनदा पुसले, मग पाकीट फोडलं.

अक्का डोकावून म्हणाली, "फोटो बघ की, चोर धरून आणल्यागत आलाय."

"येऊ दे," भाची म्हणाली. "मस्कतला चोर बी चालंल, भाकरी येत असली म्हंजी झालं."

मस्कतला आमच्या ओळखीची एक नर्स आहे. तिच्या शेजारी एक म्हातारं मराठी जोडपं राहतं. नर्सला पाठवलेल्या भाकरी त्यांनी चाखल्या आणि निरोप धाडला, भाकरी नको, भाकरी करणारीच पाठवा. घरात राहायचं, दोन माणसांचा स्वयंपाक करायचा. भाचीनं तो निरोप ऐकला आणि तेव्हापासून तिचा पाय घरात ठरेना. लग्न झालेलं, मोडलेलं, माघारी येऊन बरीच वर्षं माझ्यापाशी. "आत्या, मी सोलापूरच्या पुढं पुण्यापतूर बी गेले न्हाय," म्हणायची. खरंच होतं ते.

पासपोर्ट घेऊन आम्ही दोघी फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीनं पानं उलटली आणि एके ठिकाणी बोट ठेवलं. ई सी आर. "म्हणजे दहावी पास नाही. आखातात कामाला जायचं तर आधी सरकारची परवानगी काढावी लागते."

"काढू की," भाची म्हणाली.

"काय काम?"

"घरातलं. सैपाक."

मुलगी थांबली. जन्मतारीख पुन्हा वाचली. "घरकामाला जाणाऱ्या बाईला तीस पूर्ण लागतात, ताई. तुम्हाला अठ्ठाविसावं संपलंय नुकतं. परवानगी नाही मिळायची."

भाची हसली. तिला वाटलं, चेष्टा आहे. "आन् बाप्यांना?"

"त्यांना तसं नाही."

"मग मी बी बापई हाय म्हणून लिवा," म्हणाली. मुलगी हसली, दुकानातला आणखी एकजण हसला. मी हसले नाही. कारण त्या दुकानात एकट्या मलाच ठाऊक होतं की भाचीला तीस उलटून गेलीत.

आता हे सांगायला हवं. माझा भाऊ मेंढरांमागं फिरणारा, सांगोल्याच्या पलीकडचा कोरडा भाग आमचा. भावजय लवकर गेली. लेकरू मेंढरांबरोबर हिंडत आठ वर्षांचं झालं, तेव्हा मी त्याला इथं आणलं आणि गल्लीजवळच्या शाळेत घेऊन गेले. मास्तरांनी विचारलं, वय काय. पोर अंगानं बारीक होतं. आणि शेजारणीनं आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं, "पोरीचं वय कमीच लावावं गं, लग्नाला बरं पडतं." मी म्हटलं, सहा. मास्तरांनी एक जून लिहिला. आमच्या पिढीतली, पुढच्या पिढीतली निम्मी माणसं एक जूनलाच जन्मलेली आहेत, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण वर्ष मी दिलं होतं. ते माझ्या तोंडचं होतं.

लग्नाला बरं पडलंही. स्थळ आलं, "पोरगी लहान हाय" म्हणून खूश झाले. पुढं त्या लग्नाचं काय झालं ते वर सांगितलंच. पोरीला तिचं वय शाळेच्या दाखल्यावरनं जेवढं कळलं तेवढंच. खरं सांगणारं माणूस माझ्याशिवाय उरलं नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं. आधी गरज पडली नाही, मग लाज वाटली, मग विसरलेच म्हणा. विसरले असं मी स्वतःला सांगत होते.

दुकानातनं घरी आल्यावर माझं कामात लक्ष लागेना. पिठात मीठ दोनदा पडलं. दारात जायची, परत यायची.

त्याच आठवड्यात पेपरात ती बातमी आली. मी शाळेत चौथीपर्यंत गेले, पुढचं वाचन मला पेपरनं शिकवलं, त्यामुळं भाकरी होताना मोठ्यानं वाचायचं काम माझं. बातमी अशी, की परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीचा जुना कायदा काढून सरकार नवा कायदा आणणार, जायच्या वाटेतल्या अटी सैल करणार. मसुदा लोकांसमोर ठेवलाय, हरकती मागवल्यात.

"तिशीचं काय लिवलंय?" भाचीचा हात तव्यावरच थांबला.

मी बातमी दोनदा वाचली. तिशीचं काही लिहिलेलं नव्हतं. "सैल करणार म्हणजे ते पण सैल होईल की," म्हटलं.

खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. कायदाच बदलला तर मला तोंड उघडायची गरज नव्हती. सरकार माझी चूक परस्पर निस्तरणार होतं! मग मी रोज पहाटे पेपरवाल्याची वाट बघत उभी राहायला लागले. पहिल्या पानापासून शेवटापर्यंत चाळायची. अक्का विचारायची, "काय काकू, आला का तुमचा कायदा? का वाटेत एस्टी पंक्चर झाली?"

"येईल गं."

"माझ्या सासूचा पण असाच येईल येईल म्हणत जीव गेला. पेन्शन होती ती."

भाची हसायची नाही. तिचं वेगळंच चाललेलं. तवा उतरवला की फोन हातात घेऊन गच्चीवर जायची, नर्सशी बोलायची, ते लोक किती दिवस थांबतील ते विचारायची. जिना चढून उतरून तिच्या टाचा दुखायला लागल्या.

आणि माझं अजून एक होतं, ते लिहायला हात कचरतो. पेपरात काही नसलं की मला आतनं बरंही वाटायचं. कायदा यावा आणि येऊ नये, दोन्ही एकाच माणसाला वाटू शकतं का? मला वाटायचं. ती गेली की या घरात मी एकटी, चूल आणि मी. मग माझी चूक मला एका अंगानं सोयीचीच होती. हे ध्यानात आलं त्या दिवशी मी भाजल्याचे ठिपके छान उठलेली अख्खी भाकरी हातातनं सोडली, तुकडे झाले.

मग एजंट आला. कुणाच्या तरी ओळखीनं, मोटारसायकलवर, गळ्यात दोन फोन. चहा घेतला, भाकरीचं कौतुक केलं. म्हणाला, "मावशी, कायद्याची वाट बघत बसला तर पोरगी म्हातारी व्हईल. फिरायला जातो म्हणून व्हिसा काढू. विमानतळावर विचारलं तर म्हणायचं, बहिणीकडं चाललेय. तितं गेल्यावर कामाचा कागद करून घेतील की."

"आन् न्हाय केला तर?" भाचीनं विचारलं.

"करत्यात वो. सगळ्याच जातात."

तो गेल्यावर तिनं त्याचा चहाचा कप विसळला. मग म्हणाली, "आत्या, जाते मी. एवढं एकच खोटं बोलायचं हाय. बहिणीकडं चाललेय म्हणायचं."

मला एकदम भरून आलं, की माझं घाबरणं बाहेर पडलं, कोण जाणे. मी म्हणाले, "एकच न्हाय गं. तू तीस पार केलीस. दोन वर्षं मी खाल्ली तुझी."

तिला कळेना. मी सगळं सांगितलं, शाळा, मास्तर, शेजारीण, सहा. अक्का पीठ मळायची थांबली.

"म्हंजी मी तीस वर्सांची हाय?"

"एकतिसावं लागलंय."

"आन् त्या दुकानात तू माझ्या शेजारी हुबी व्हतीस?"

"व्हय."

"इतके दिस तो पेपर वाचून दाखवत व्हतीस?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "लग्नात सासू म्हणायची, पोरगी लहान, तिला काय कळतंय. मला खरंच वाटायचं, मी लहान हाय म्हणून सोसायचं."

पुढचे चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भाकरी थापायची, मोजून जेवढ्या करायच्या तेवढ्या करायची, माझ्या हातचा चहा घ्यायची नाही. अक्काच आमच्या मधे निरोप नेणारी. "काकू विचारतायत मीठ टाकलं का. टाकलंय म्हणून सांगू?" दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या आम्ही.

पाचव्या दिवशी भाची स्वतःच म्हणाली, "चल शाळेत."

शाळा तीच, बाई नव्या. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं, खरंच होतं सगळं त्यात, एक जून, आणि खाली माझी तेव्हाची वाकडी सही. मी म्हटलं, "बाई, चूक माझी हाय, मी लिहून देते."

बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "आजी, शाळा सोडल्यावर आम्हाला यात खाडाखोड करता येत नाही. जन्माची नोंद आहे का कुठं?"

कुठली नोंद. माळावर जन्मलेलं पोर.

"मग वकील, कोर्ट, त्यात किती दिवस जातील सांगता येत नाही." त्यांनी भाचीकडं पाहिलं. "तुम्ही नववीतनं सोडली ना? सतरा नंबरचा फॉर्म भरा. बाहेरनं दहावीला बसा. पास झालात तर ते ई सी आर निघून जाईल, मग वयही कुणी विचारणार नाही. या मार्चच्या परीक्षेची मुदत मात्र गेली. आता त्याच्या पुढच्या वर्षीची."

भाचीनं बोटांवर मोजलं आणि पहिल्यांदा हसली, पण कडू. "बाई, तोवर कागदावर बी माझी तीस व्हत आली असतील की वो!"

"कायदा येईल त्याच्या आधी," मी म्हटलं.

"तू गप बस," म्हणाली. पण बोलली.

तिथल्या तिथं तिनं बाईंकडनं फॉर्मला काय काय लागतं ते विचारून कागदावर भरून बघितलं. नाव, आईचं नाव, जन्मतारीख. तारखेपाशी पेन थांबलं. "दाखल्यावर आहे तीच लागते," बाई म्हणाल्या. तिनं तीच लिहिली, मी लावलेली.

शाळेबाहेर उभ्या राहूनच तिनं नर्सला फोन लावला. सांगितलं, त्यांना दुसरी बघायला सांगा, मला वेळ लागणार, आणि फिरायला जातेय सांगून मी येणार नाही. पलीकडनं काय आलं ते कळलं नाही. ती दोनदा "व्हय" म्हणाली आणि फोन पर्समध्ये टाकला. डोळ्यात पाणी होतं, पुसलं नाही.

रिक्षाची वाट बघत होतो. ती रस्त्याकडं बघतच म्हणाली, "आत्या, उद्या पेपरात तो कायदा आला, तिशीची अट गेली, तर मला वाचून दाखवशील ना?"

"दाखवीन की."

"का ते पान दुमडून ठेवशील?"

"दाखवीन म्हटलं ना."

"राहू दे," ती म्हणाली. "पेपर उद्यापासनं मीच वाचते. तू भाकरी थाप."