उजवी कडी

आण्णांच्या दाराला दोन पितळी कड्या होत्या आणि त्यातल्या उजवीला हात लावायची गल्लीत कुणाची टाप नव्हती. कुणी चुकून वाजवलीच, तर आण्णा धावत येऊन दार उघडायचे, समोरचं तोंड बघायचे आणि मग असे खेकसायचे की पोस्टमनसुद्धा पायरी उतरून उभा राहायचा. मी मंगळवार पेठेत नवीन राहायला आले तेव्हा समोरच्या घरी साखर मागायला गेले आणि नेमकी तीच वाजवली. “डावी वाजवायची, बाई. परक्यानं डावी,” एवढं सुनावून त्यांनी दार लावून घेतलं. दोन मिनिटांनी वाटीभर साखर घेऊन स्वतःच माझ्या दारात आले.

आण्णा दारांचं पितळकाम करायचे. कड्या, कोयंडे, मुठी, सगळं हाताने. गिऱ्हाईक आलं की आधी त्याचा पंजा हातात घेऊन उलटसुलट करायचे. घरात म्हातारं माणूस असलं तर कडी जाड घडवायचे, कारण बारीक कडी आखडलेल्या बोटांत रुतते. आणि ती किती उंचीवर बसवायची हे घरमालकाला कधी विचारायचे नाहीत. तुमच्याकडे येतं कोण, ते विचारायचे. “कडी येनाऱ्यासाठी असती. आत बसल्याला तिचं काय?” एका बंगलेवाल्याने सांगितलं की दाराला कॅमेऱ्याची बेल आहे, कडी नुसती शोभेला हवी. आण्णांनी त्याला चहा पाजला आणि काम घेतलं नाही.

चहा ते नेहमी दोन कप टाकायचे. एक प्यायचे, दुसरा बशीने झाकून ठेवायचे आणि संध्याकाळी गार झालेला तो स्वतःच संपवायचे. लग्न केलेलं नव्हतं, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी एकदा म्हटलं, आण्णा, एकच कप करा की, का दूध नासवता? त्यांनी कपावरची बशी नीट सरकवली. मग पुढे मला कळलं की तो कप बाळूचा.

बाळू हा त्यांचा धाकटा भाऊ. आण्णा कडी घडवायचे आणि बाळू छिन्नीने तिच्यावर नक्षी उठवायचा. आण्णांच्या दारावरची डावी कडी आण्णांच्या हातची होती, साधी. उजवी बाळूची, वेलबुट्टीची, आणि ती फक्त बाळूनेच वाजवायची, दोनदा, लागोपाठ. लहानपणापासूनची खूण. पण बाळूने एकदा कारखान्यातल्या तयार मुठी आणून हातकाम म्हणून विकल्या. आण्णांना कळलं तेव्हा ते गिऱ्हाइकासमोरच म्हणाले, “ह्यो माल माझा न्हाय, आन् ह्यो भाऊबी माझा न्हाय.” बाळू त्याच दिवशी कबनूरला पोराच्या यंत्रमागांवर कामाला निघून गेला. त्याला बारा वर्षं झाली.

पण त्यांच्या धंद्यात एक रीत होती. भाऊ वेगळे झाले की जाणारा आपल्या हातची कडी दारावरून उतरवून नेतो, नाहीतर राहणारा ती उतरवतो. कडी उतरली की संबंध संपला. आण्णा रोज सकाळी चिंच लावून उजवी कडी पुसायचे, आणि हे सांगताना त्यांचा हात तिच्यावरच होता. “त्यानं न्हेली न्हाय, म्या उतरली न्हाय. म्हंजी भांडान हाय, वाटनी न्हाय.” फोन करा की मग, असं मी म्हटलं तर म्हणाले, बोललो मी होतो, मग फोन कुठल्या तोंडाने करू? त्याला यावंसं वाटेल तेव्हा येईल, दार तर हाय.

आता माझं सांगते. दुसऱ्याच्या घरातलं नीट करायची मला भारी हौस. जन्मभर शाळेत पोरांच्या वह्या तपासल्या, त्याचा हा परिणाम असावा. आण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि ते दोन दिवस दवाखान्यात राहिले. किल्ली माझ्याकडे होती. म्हटलं, नव्या डोळ्यांनी घरी येतील तर दार कसं झळझळीत दिसलं पाहिजे. उजवी कडी सैल झाली होती, डगडगत होती. मी सुताराकडून ती काढवून घेतली आणि उद्यमनगरात बफिंगला, म्हणजे मशिनवर घासून चमकवायला, नेऊन दिली. रीत मला माहीत होती हो! पण ती मला गोष्टीसारखी माहीत होती. आपण उतरवतोय ती हीच कडी, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

त्याच दुपारी बाळू आला. भावाच्या डोळ्यांचं त्याला कुणीतरी सांगितलं असणार. कोपऱ्यावरच्या फुलवाल्या मावशींनी पाहिलं. टोपीवाला म्हातारा, हातात पिशवी. कुलूप त्याने बघितलंच नाही म्हणे. उजव्या फळीवरच्या रिकाम्या भोकांवरून बोट फिरवत बराच वेळ उभा राहिला आणि आला तसा निघून गेला.

मी रडतच आण्णांना सांगितलं. वाटलं, आता घरातून हाकलतील. ते डोळ्यांवरचा हिरवा चष्मा सावरत म्हणाले, “भोकं चाचपली व्हय? मग बाळ्याच.” इतकंच. कडी परत आली ती आरशासारखी. त्यांनी अंगठा फिरवला आणि खाली ठेवली. मशिनने पितळ घासलं होतं आणि पितळाबरोबर बाळूची नक्षीही गेली होती.

मी ती कडी घेऊन कबनूरला गेले. मागांच्या खडखडाटात ओरडून ओरडून सगळं सांगितलं, चूक माझी, आण्णांनी उतरवलेली नाही. बाळूने कडी घेतली, आण्णांसारखाच अंगठा फिरवला. मग ती पिशवीत टाकत म्हणाला, “नक्षी उठवून आनतो म्हनावं. म्या सोता.”

हा निरोप सांगितल्यावर आण्णा लहान मुलासारखे हसले. मग रोज विचारायचे, बाई, वेलबुट्टीला किती दिस लागत्यात हो? जणू त्यांनाच माहीत नव्हतं. बाळूचेही हात म्हातारे झालेले, छिन्नी बारा वर्षांनी धरलेली, त्याला वेळ लागला. उजवी फळी तशीच रिकामी राहिली. आण्णा तिथेही सकाळी ओला फडका फिरवायचे. एका सकाळी फडका फिरला नाही म्हणून मी पलीकडे गेले. आण्णा झोपेतच गेले होते. शेजारी आदल्या दिवशीचा, बशीने झाकलेला कप तसाच होता.

बाळू स्मशानात लांब उभा होता. दहावा झाल्यावर एका दुपारी मी आण्णांच्या घरात दार लोटून आवराआवर करत होते. बाहेर ठोकल्याचा आवाज आला. कुणीतरी दारावर काहीतरी बसवत होतं. मग सगळं शांत झालं आणि उजवी कडी वाजली. दोनदा, लागोपाठ.

मला उठवेना. ती कडी माझ्यासाठी नव्हती. जो धावत गेला असता तो घरात नव्हता, आणि हे बाहेरच्यालाही ठाऊक होतं. तरी तो थांबला. मीही आत बसून राहिले.

मग त्याने डावी वाजवली आणि मी जाऊन दार उघडलं.