चाचांचा होकार

मी दुबई मरीनातल्या वकिलांच्या ऑफिसात काम करते हे शारजातल्या आमच्या बिल्डिंगला कळलं आणि माझी सुट्टी संपली. मी वकील नाही. मी वकिलांचे मसुदे टाईप करते, तपासते, भाषांतराला पाठवते आणि त्यांच्या तारखा सांभाळते. पण हे कुणाला पटत नाही. लिफ्टमध्ये भाडेकरार, पार्किंगमध्ये दंडाची नोटीस. एका बाईंनी तर घटस्फोटाचा सल्ला भाजीच्या दुकानात, टोमॅटो निवडता निवडता विचारला होता. मी आधी चिडते आणि मग सांगते, माझा स्वभावच तसला.

समोरच्या फ्लॅटमधले चाचा मात्र मला कधी काही विचारायचे नाहीत. तुमचे वकील कुठे कुठे चुकतात ते तेच मला सांगायचे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावचे, आमच्या चिपळूणपासून फार लांब नाही, त्यामुळे भांडायला हक्काचे. उभी हयात शारजात एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात गेली. कशालाही पटकन हो म्हणायचं नाही हा त्यांचा बाणा. चहा घेणार का विचारलं तर आधी दूध कुठलं ते विचारायचे. बँकेच्या माणसाला समोर बसवून प्रत्येक पान वाचायचे आणि त्याला घाम फुटला की पाणी द्यायचे. चाची म्हणायच्या, "निकाहला कबूल म्हणतानासुद्धा काझीला दोन प्रश्न विचारले होते यांनी."

त्यांच्या या स्वभावावरच गावच्या माणसांचा भरवसा होता. गावचे बरेचजण इथे आहेत, कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी एसी फिटर, बहुतेक सगळे लेबर कॅम्पमध्ये राहणारे, बायकामुलं गावाला. समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने शेअर विकायला काढले तेव्हा ही मंडळी चाचांकडे आली. चाचांनी नेहमीप्रमाणे खूप छळलं. पैसा व्याजाचा आहे का, धंदा हलाल आहे का, मौलानांना विचारलं का. शेवटी म्हणाले, पाण्यात हराम काय असणार. शेअर घ्यायला लागणारं खातं फक्त त्यांचंच होतं, म्हणून सगळ्यांची शिल्लक एकत्र करून सगळे शेअर त्यांच्या एकट्याच्या नावावर घेतले. गावात होडी घेतली तरी ती अशीच एका वडीलधाऱ्याच्या नावावर असते आणि कुणाचा किती वाटा ते सगळ्यांना तोंडपाठ असतं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मग एका उन्हाळ्यात, दुपारी, चाचा दुकानातच गेले. संध्याकाळी शारजाच्या कब्रस्तानात त्यांना माती दिली.

इथे माणूस गेला की त्याचं बँकेतलं खातं गोठतं, हे आखातातल्या प्रत्येक घराला माहीत असतं. बँकेला, व्हिसा ऑफिसला, दुकानाच्या लायसनवाल्यांना कळवणं भाग होतं, ते त्यांच्या मुलाने कळवलं. शेअरवाल्यांना कळवलं नाही. गावची माणसं म्हणाली, आत्ता सांगितलं तर तेही अडकेल, भाव चढला की विकू आणि मग सांगू, इन्शाल्ला. शेअरचं ॲप चाचांच्या फोनमध्ये होतं आणि सिम पहिल्यापासून मुलाच्या नावावर होतं. म्हणून फोन चालू राहिला. चाचींनी त्याला क्रोशाचं कव्हर घातलं आणि फ्रिजवर चार्जिंगला ठेवून दिला.

चाचांना शेवटी शेवटी दिसायचं कमी. त्यामुळे आलेला मेसेज मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय त्या फोनवर चालू होती, ती कुणी बंद केली नाही. चाची इद्दतीत होत्या, नवरा गेल्यावर बाईने घराबाहेर न पडता पाळायचे ते दिवस, म्हणून सुट्टीच्या दुपारी मी त्यांच्याकडे जाऊन बसायचे. आम्ही कोळंबी सोलत होतो आणि फ्रिजवरून एक गोड बाई इंग्रजीत बोलली. चाचांचं अख्खं नाव, वडिलांच्या नावासकट घेतलं आणि म्हणाली, बरेच दिवसांत आपण दिसला नाहीत. चाचींचा हात थांबला. सोफ्यावर चित्र रंगवणारी नात मान वर न करता फोनला म्हणाली, "दादाजान इज नॉट होम." मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

काही दिवसांनी ॲपने चेहरा मागितला. शुक्रवारची नमाज झाल्यावर गावची माणसं चाचींकडे चटईवर बसली होती, मी बिर्याणीचं रिकामं पातेलं परत द्यायला गेले आणि दारातच थबकले. खातेदार आपणच आहात याची खात्री करा, चेहरा चौकटीत धरा, पापण्या मिटा, असं फोन सांगत होता. खात्री झाली नाही तर खातं बंद. आधी त्यांनी चाचांचा फोटो धरून पाहिला. फोटो पापण्या मिटत नाही. मग कुणीतरी म्हणालं, मुलाला बघू दे. मुलगा चाचींवर गेलाय असंच आम्ही सगळे आजवर म्हणत आलो होतो. त्याने कपाटातून बापाचा चष्मा काढला, बापाची पांढरी टोपी घातली आणि फोन समोर धरला. डोळे मिटले, उघडले. चौकट हिरवी झाली आणि ती गोड बाई म्हणाली, पुन्हा स्वागत, आणि चाचांचं नाव.

एकजण सवयीने "माशाल्ला" म्हणाला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. चाची आतल्या दारात उभ्या होत्या.

"चष्मा काढ," त्या मुलाला म्हणाल्या. "आधी तो चष्मा काढ."

त्यानंतर कंपनीने बस्तान हलवलं. म्हणजे ऑफिस मरीनातच राहिलं, माझ्या बसमधून रोज दिसायचं, पण कागदावर कंपनी दूरच्या एका बेटाची झाली. भागधारकांना मेसेज आला, जुन्या शेअरच्या बदल्यात नवे घ्या आणि नवी नियमावली मान्य असल्याचं बटण दाबा. न दाबणाऱ्यांचे शेअर जुन्या नियमांवर तसेच राहणार होते, पण तेवढं पुढे कुणी वाचलं नाही. सगळ्यांना एकच धास्ती, उत्तर दिलं नाही तर खातं बंद होईल. मुलाने पुन्हा चष्मा लावला. फोन म्हणाला, आभारी आहोत, आपली संमती नोंदवली आहे. चाचींनी मला विचारलं, काय म्हणाली ती. मी सांगितलं.

"हे कधी कशाला हो म्हणाले?" चाची म्हणाल्या, आणि उठून गॅस बारीक केला.

पुढे बातमी फुटली. शेअर विकताना कंपनीने ज्या मोठमोठ्या कंत्राटांच्या जोरावर लोकांना ओढलं होतं, ती कंत्राटं झालेलीच नव्हती. भाव कोसळला. काही भागधारक एकत्र येऊन इथल्याच कोर्टात दावा लावायला निघाले. एका रविवारी सकाळी मुलगा चाचींना घेऊन माझ्याकडे आला. "ताई, आपण पण त्या केसमध्ये घुसू ना? सगळ्यांचं सेव्हिंग आहे. कुणाच्या पोरीचं लग्न आहे, कुणाचं घर अर्धं बांधून पडलंय. अब्बांच्या भरवशावर दिलं होतं त्यांनी."

नवी नियमावली बघायला म्हणून त्याने खिशातून चाचांचा फोन काढला. दाढी केलेली, डोक्यावर टोपी नाही, डोळ्यावर चष्मा नाही. फोन वर धरला मात्र, हिरवी चौकट आली आणि बाई म्हणाली, पुन्हा स्वागत. चाचांचं नाव घेऊन.

मुलाने फोन माझ्या हातात दिला. तो हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, "आता सवय झाली असेल त्याला." त्याचा आवाज मला नीट आठवतो, कारण क्षणभर तो त्याचा वाटला नाही. चाची मुलाच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. 

मी वाचायला घेतलं. ते कलम कुठे असणार हे मला वाचायच्या आधीच माहीत होतं. अशी कलमं मी कितीतरी कंपन्यांसाठी टाईप केली आहेत. ती शेवटाकडे असतात, वाचणारा दमल्यावर. शेअर विकताना आमची फसवणूक झाली अशी कुणा भागधारकाची तक्रार असेल, तर तो दावा फक्त त्या बेटावरच्या न्यायालयातच लावता येईल, जगात दुसरीकडे कुठेही नाही. आणि ज्याने शेअर घेतला त्याला हे कलम माहीत होतं आणि मान्य होतं, असं मानलं जाईल. कंपन्यांचीही बाजू असते. एकच भांडण चार देशांत कोण लढत बसणार, असं आमचे साहेब म्हणतात आणि ते खोटं नाही. पण त्या बेटावरचा कंपनीचा पत्ता मी एकदा नकाशात उघडून पाहिला होता. पिवळट रंगाची दुमजली इमारत, सगळी शटर बंद, समोर एक माड. रस्त्यावर माणूस नव्हता.

"म्हणजे इथे नाही लावता येणार?" मुलाने विचारलं.

"ज्यांनी बटण नाही दाबलं, ते लावतायत."

हे मी बोलून गेले आणि त्याचा अर्थ आम्हाला बोलल्यानंतर कळला. चाचा जिवंत असते तर त्यांनी ते बटण जन्मात दाबलं नसतं. आणि गेलेला माणूस गेलेला राहू दिला असता, तरी ते दाबलं गेलं नसतं.

चाची उठल्या. "उद्या साहेबांकडे जायचं. बाप मेलाय म्हणून सांगायचं. बटण मी दाबलं म्हणून सांगायचं, तुझ्या तोंडानं, तुझ्या नावानं."

"अम्मी, मी आत गेलो तर?"

"ते आम्ही बघू. त्या यंत्रासमोर तू परत जायचं नाही."

मी आमच्या साहेबांकडून वेळ घेतली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि हिंदीतच बजावलं, दुसऱ्याच्या नावाने चेहरा दाखवणं इथे गुन्हा ठरू शकतो, कबूल करण्याआधी विचार करा. मुलगा म्हणाला, केलाय. बेटावरच दावा लावायचा झाला तर काय, तेही त्याने विचारून घेतलं. तिथल्या वकिलाची नुसती सुरुवातीची फी साहेबांनी दिरहममध्ये सांगितली. मुलाने सवयीने ती मोठ्याने रुपयांत केली आणि पुढे काही विचारलं नाही. साहेबांनी कंपनीला पत्र पाठवलं. भागधारक वारले आहेत, संमती त्यांची नाही, मुलाने दिली होती, सोबत मृत्यूचा दाखला. संमतीच नाही तर कलमही लागू नाही, आम्ही इथल्या दाव्यात आलो तर हरकत घेऊ नका. चांगलं पत्र होतं. मीच टाईप केलं.

उत्तर आलं ते मी ऑफिसात वाचलं, पुन्हा वाचलं आणि छापून घेऊन आले, कारण फोनवर सांगायची माझी हिंमत झाली नाही. चाचींच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या त्यांना आणि मुलाला त्याचा मराठीत अर्थ सांगितला. कंपनीचं म्हणणं असं. आमच्या नोंदीनुसार भागधारक हयात आहेत. त्यांनी स्वतःचा चेहरा दाखवून खात्री दिली, पापण्या मिटल्या आणि संमती दिली, ती आमच्याकडे आहे. आपण म्हणता की ते वारले आहेत. तर भागधारक हयात आहे की नाही, हा भागधारक म्हणून असलेल्या हक्काविषयीचाच वाद झाला. असा प्रत्येक वाद नियमावलीनुसार फक्त बेटावरच्या न्यायालयात नेता येतो. आपला दाखला आपण तिथे सादर करावा. तोवर ते हयात आहेत असं आम्ही मानतो.

मुलगा खाली बसला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं, जणू कुणी बघू नये म्हणून.

चाचींनी मला शेवटचं वाक्य परत सांगायला लावलं. मी सांगितलं. त्या फ्रिजकडे बघत होत्या. क्रोशाच्या कव्हरातला फोन अजून तिथेच होता, साहेबांनीच पुरावा म्हणून चालू ठेवायला सांगितला होता.

"म्हणजे इथली माती खोटी?" चाची म्हणाल्या. "मी तोंड बघितलं होतं त्यांचं."

मी म्हटलं, "चाची, ती नुसती कायद्याची भाषा आहे."

"असेल. पण मग एक सांग, बाय. तू कायद्यातली आहेस." त्यांचा आवाज अगदी साधा होता, मीठ मागावं तसा. "ते जिवंत आहेत, तर मी इद्दत कुणाची पाळली?"

  तेवढ्यात फ्रिजवरून ती गोड बाई बोलायला लागली, वार्षिक सभेविषयी काहीतरी, चाचांचं अख्खं नाव घेऊन. मुलाने तोंडावरचे हात काढले नाहीत. चाचींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, घरात परका पुरुष आला की करतात तसा, आणि फ्रिजकडे पाठ करून उभ्या राहिल्या.